टेबल अडवून न येणाऱ्यांकडून आगाऊ पैसे घ्यावेत का?

गंगापूररोडकर: कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलवाल्याची पोस्ट फिरतेय. रविवारी बारा जणांचं टेबल अडवलं, आले नाहीत, फोनही उचलला नाही. म्हणून आता शनिवार-रविवार माणशी २०० रुपये आधी भरा. आलात तर बिलातून वजा, नाहीतर बुडाले. वर 'नाशिककरांना शिस्तच नाही' हा टोमणा. अहो, आठचं टेबल सांगून नऊपर्यंत दारात ताटकळत ठेवता, तेव्हा शिस्त कुठे जाते? वेळेत टेबल दिलं नाही तर तुम्हीही माणशी २०० सोडा!

सिडकोची सून: माझ्या दिरांचं छोटं हॉटेल आहे. बारा जण म्हणजे तीन टेबलं जोडून ठेवायची आणि दारातली गिऱ्हाइकं हात जोडून परत पाठवायची. रविवारी खरा धंदा रात्री आठ ते दहा. वाढप्यांचा रोज द्यावाच लागतो. एक फोन करायला काय जातं?

जुना पंचवटीकर: फोन उचलतं कोण? आईला ताप भरला म्हणून रद्द करायला सारखा लावत होतो, शेवटपर्यंत घेतला नाही. मिसळीच्या ठिकाणी बरं असतं, वहीत नाव लिहायचं, हाक मारल्यावर नसलात तर पुढचा बसला.

सिडकोची सून: मिसळ खाऊन माणूस वीस मिनिटांत उठतो. वाढदिवसवाले केक, फोटो, परत फोटो… त्यांना वही पुरते होय?

बिलवाचक: २०० चं काय घेऊन बसलात, सर्व्हिस चार्जचं बोला! ४ जुलै २०२२ च्या केंद्राच्या सूचना आहेत, बिलात आपोआप लावायचा नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या. तरी परवा बिलात १० टक्के, त्यावर परत ५ टक्के जीएसटी. काढा म्हटलं तर मॅनेजर सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणतो, 'पोरांच्या पोटावर पाय देताय.'

गंगापूररोडकर: विषय काय, तुमचं काय?

बिलवाचक: तोच विषय. आगाऊ घेतलेले २०० चार्ज लावून झाल्यावर वजा करतील, बघा.

जुना पंचवटीकर: मी तर टिप रोख वाढप्याच्या हातात देतो. गल्ल्यात गेलेलं त्याला मिळतं यावर माझा विश्वास नाही.

सिडकोची सून: आम्ही सर्व्हिस चार्ज एक रुपया घेत नाही! दुसऱ्याची पापं आमच्या माथी कशाला?

ठाणेवाला: आम्ही कसारा घाटात अडकलो तर? तेही पैसे बुडाले?

सिडकोची सून: घाटात फोनची रेंज नसते का? उशीर होतोय एवढं कळवा, टेबल ठेवतो.

गंगापूररोडकर: बरं बाई, मोठ्या टेबलाला घ्या आगाऊ. दोघांच्या टेबलाला नाही. आणि दुपारपर्यंत कळवलं तर सगळे परत.

सिडकोची सून: उपकार झाले! दिरांना सांगते, गंगापूर रोडहून मंजुरी आली.

बिलवाचक: परत म्हणजे खात्यात, की 'पुढच्या वेळी वापरा' म्हणून कूपन?

सिडकोची सून: आमच्याकडे यूपीआयने, त्याच दिवशी. बाकीच्यांचं त्यांना विचारा.