आंबेनळी घाट : खानाची वाट हीच का?

प्रश्न
सुरूरहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत पोलादपूरला उतरणाऱ्या राज्यमार्गाविषयी विचारायचे आहे. अफझलखान १६५९ मध्ये वाईहून प्रतापगडाच्या पायथ्याशी याच रस्त्याने गेला, असे सर्रास सांगितले जाते. नकाशात मात्र खान जिथे उतरला ते पार हे गाव या रस्त्याच्या बाजूला राहते. मग जुनी वाट कोणती, आणि ती सोडून आजचा मार्ग का काढला?

उत्तर १
दोन्ही टोके तीच असली तरी वाट ती नव्हे. खान रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला, असे परंपरेने मानले जाते. तिथून कोकणात जाण्यासाठी पारघाट होता. या वाटा माणसांच्या आणि लमाणी बैलांच्या. लादलेला बैल खडी चढण हळूहळू का होईना चढून जातो, पण भरलेल्या गाडीला ती जमत नाही; तिला सौम्य चढ लागतो, आणि सौम्य चढ हवा म्हटले की डोंगराच्या कुशीतून लांबच लांब वळणे घ्यावी लागतात. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट तसा आखला गेला. तो १८७६ मध्ये खुला झाला आणि मुंबईचे माजी गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पार मागे पडले ते यामुळेच.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड देतो. या रस्त्यामागे महाबळेश्वरची ओढ मोठी होती. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२९ मध्ये, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा खंडाळा गावाच्या बदल्यात कंपनीने घेतली. मुंबईची मंडळी तेव्हा जहाजाने बाणकोटच्या खाडीत येत आणि महाडच्या बाजूने घाट चढत. पुढे पुण्यापर्यंत रेल्वे झाल्यावर वाईकडून, पसरणीचा घाट चढून येणे सोयीचे ठरले. म्हणून हा सलग एकाच वेळी आखलेला मार्ग समजू नये. वेगवेगळ्या गरजांपोटी झालेले तुकडे नंतर एका क्रमांकाखाली आले, एवढेच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चढ सौम्य असूनही हाच घाट पावसाळ्यात वारंवार बंद का पडतो?

उत्तर १
लांब वळणांचा रस्ता डोंगरातले ओढे पुन्हा पुन्हा ओलांडतो. वरून दरड आली की मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा, तुंबतात, पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि दरीकडची कड खालून पोखरली जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता ठिकठिकाणी खचला होता. माझ्या मते डांबरापेक्षा आधी मोऱ्या आणि गटारे पाहायला हवीत. मे महिन्यात ती साफ झाली नाहीत, तर नवा थर पहिल्याच मोठ्या पावसात उखडतो.