बोबड्या बोलांचा दोष कोंकणीवर कशाला?

म्हापसेकर
शेजारची साडेतीन वर्षांची पोर काकाला 'ताता' म्हणते, गाडीला 'दाडी'. घरात मराठी, अंगणात कोंकणी, बालवाडीत इंग्रजी. नातेवाईक आईच्या मागे लागलेत, कोंकणी बंद करा, मूल गोंधळलंय म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. 'क', 'ग' काढायला जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. लहानांना ते जड जातं, मग जीभ पुढे टेकते आणि 'त', 'द' निघतो. फक्त इंग्रजी ऐकणारी मुलंही कारला 'टार' म्हणतात. आपला राम 'लाम' होतो, त्यांचा रॅबिट 'वॅबिट'. तिथे कुठे कोंकणी आली?

डिचोलीची ताई
मी बालवाडीत शिकवते. सगळीकडची मुलं सारखीच चुकतात हे खरं नाही. इंग्रजी बोलणारी मुलं 'श'च्या जागी 'स' काढतात, जपानी मुलं बरोबर उलट. म्हणजे कानावर काय पडतं याला महत्त्व आहेच. मग तीन भाषांचा मारा कशाला? पाच वर्षांपर्यंत घरात एकच भाषा ठेवा.

म्हापसेकर
ताई, ती जपानी मुलंही एकच भाषा ऐकत होती, तरी चुकलीच ना? आणि त्या पोरीची आजी पेडण्याची, तिला कोंकणीच येते. नातीनं तिच्याशी बोलायचंच नाही?

फोंड्याची आजी
भाषा राहू द्या, आधी मोठ्यांनी 'ताता आला' म्हणणं थांबवावं. 1960 मध्ये मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या बर्को आणि ब्राऊन यांनी एका मुलाची हकीकत लिहिली. तो खेळण्यातल्या माशाला 'फिस' म्हणे. मोठ्या माणसानं 'फिस' म्हटलं की रागवायचा. 'फिश' म्हटलं की खूश, आणि स्वतः पुन्हा 'फिस'! कानाला बरोबर कळतं, जीभच मागे असते. मग त्याला चुकीचं का ऐकवायचं?

मडगावकर
आजींशी सहमत, पण लाडाचा सूर सोडू नका. सावकाश, उंच सुरात बोललं की मूल लक्ष देतं. फक्त शब्द नीट उच्चारा. आणि चार वर्षांनंतरही परक्याला तिचं बोलणं कळत नसेल तर वाट पाहू नका. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभाग आहे, आधी कान तपासून घ्या.

डिचोलीची ताई
कान तपासायचं मान्य. घरातल्या एका भाषेबद्दल माझं मत तेच आहे.

म्हापसेकर
मग ती भाषा आजीची का नको?