मदत हवी: ट्रिमरसाठी पहिले बिट कोणते घेऊ?

मूलकर_२१:
राम राम मंडळी. लाकडाच्या कडा अन् खाचा कापायची ट्रिमर मशीन घेतली, सोबत एकच सरळ बिट (तिच्यात बसवायचं फिरतं पातं) मिळाला. भाऊजी शनिवारी नागपूरला जाऊन राहिले, त्यांच्याजवळ पैसे द्यायचे आहेत. इकडे दुकानात ड्रिलच्या बिटशिवाय काही भेटत नाही. ऑनलाइन बारा, पंधरा, चोवीस नगांचे संच दिसतात, डोकं चालत नाही. कोणते घेऊ ते नावानिशी सांगा, लवकर.

ब्रह्मपुरीचा_दादा:
पंधराचा संच घेऊन टाक भाऊ. एकेक घेत बसशील तर दरवेळी नागपूरला कोण जाईल? मी तोच घेतला. सगळे आकार हाताशी राहतात, काय लागते ते वापरता वापरता समजते.

लाकूडवेडी:
संच नको. त्यातले तीन-चार वापरात येतात, बाकीचे डब्यात पडून राहतात. तेवढ्या पैशात मोजकेच पण चांगले बिट घ्या. पण दादा, तुम्ही काहीच सांगितलं नाही. बनवायचं काय? लाकूड कोणतं? कोलेट, म्हणजे बिटची दांडी पकडणारी नळी, ६ मिलिमीटरचं की ६.३५चं?

मूलकर_२१:
ट्रिमर सगळे सारखेच असतात ना ताई? खोक्यावर फक्त वॅट लिहिले आहेत. सागवानाचं देवघर करायचं आहे आईसाठी. कडा गोल अन् मागे प्लाय.

लाकूडवेडी:
सारखे नसतात. नट काढा, आतल्या कोलेटवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो. पाव इंच म्हणजे ६.३५. त्यात ६ मिलिमीटर दांडीचा बिट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण मशीन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या घरात फिरते. बिट हळूहळू खाली सरकतो आणि खाच आपोआप खोल होत जाते. पूर्ण सुटला तर कुठे जाईल सांगता येत नाही. आधी हे पहा, मग नागपूरचं बोलू.

वाढईकाका_आरमोरी:
बाबू, देवघराले मशीन कायले पाहिजे? रंधा अन् पटाशी घे, लाइन गेली तरी काम थांबत नाही. अन् बिट घ्यायचाच असल तर हायस्पीड स्टीलचा घे. धार गेली की घरीच दगडावर लावता येते.

लाकूडवेडी:
काका, रंध्याचं मान्य. पण सागवानात सिलिका, म्हणजे वाळूसारखे बारीक कण असतात, स्टीलची धार लवकर मरते. बोथट बिट लाकूड कापत नाही, जाळतो. कडेला काळा पट्टा पडतो आणि तो घासताना गोलाई बिघडते. कार्बाइडच्या कडक धारेचाच घ्यावा.

वाढईकाका_आरमोरी:
आम्ही जन्मभर सागवानच घडवलं, स्टीलच्याच पात्यानं. धार लावाची सवय पाहिजे.

लाकूडवेडी:
रंध्याचं पातं हाताच्या वेगाने चालतं काका. इथे वेगच वेगळा आहे.

बल्लारपूरवासी:
सागवानाचा विषय निघाला म्हणून सांगतो, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये आमच्या बल्लारपूरच्या लाकूड डेपोतून सागवान गेलं. मूलकर, तुमचं लाकूड कुठलं? डेपोचं असेल तर पावती अन् वाहतूक परवाना जपून ठेवा.

ब्रह्मपुरीचा_दादा:
विषय बिटचा आहे.

मूलकर_२१:
परवाना काहून, घरचंच आहे जी. आजोबांच्या वेळचं घर पाडलं, त्याची दारं अन् चौकटी आहेत. कोलेटवर १/४ लिहिलं आहे. आता नावं सांगा.

लाकूडवेडी:
जुनं लाकूड आहे हे फार महत्त्वाचं. कार्बाइड कडक पण ठिसूळ असतं, एक खिळा लागला की टवका उडालाच. आधी प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवा.
बिट दोनच घ्या, दोन्हींची दांडी पाव इंच. एक गोलाईचा, टोकाला बेअरिंगचं चाक असलेला, त्रिज्या ६ मिलिमीटर. वीस मिलिमीटरच्या फळीला दोन्ही बाजूंनी गोलाई मारली तरी मधे आठ मिलिमीटर सपाट उरतात, बेअरिंग त्यावर टेकून चालते. फार मोठी त्रिज्या घेतली तर दुसऱ्या बाजूला बेअरिंगला टेकायलाच जागा राहत नाही. दुसरा सरळ, ५ मिलिमीटरचा. बाजारातला ६चा प्लाय बरोबर ६ भरेलच असं नाही, म्हणून बारीक बिटने दोन फेऱ्यांत खाच प्लायच्या मापाची करा. सनमायका लावणार नसाल तर त्याची कड छाटायचा ट्रिमिंगचा बिट आत्ता नको.
बिट बदलताना पिन बोर्डातून काढलेली पाहिजे. दांडी पूर्ण आत घाला, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून नट आवळा. एका फेरीत तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका.

ब्रह्मपुरीचा_दादा:
अन् मशीन आपल्याकडे ओढत न्यायची.

लाकूडवेडी:
नाही हो. कड तुमच्या समोर असेल तर डावीकडून उजवीकडे. उलट नेली तर बिट लाकडावर चढून मशीन पळवतो. फळीची आडवी टोकं आधी, लांब कडा नंतर. टोकाला उडालेल्या चिरफळ्या लांब कडेच्या फेरीत साफ होतात.

अकोटचा_शेतकरी:
आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, मशीन दमते अन् लाकूड जळते. काम सकाळी करा.

वाढईकाका_आरमोरी:
चुंबकावर भरोसा नको ठेवू बाबू. जुन्या दाराले पितळी स्क्रू राहते, त्याले चुंबक धरत नाही. बिजागरीची जागा रंध्यानं वरून साफ कर अन् डोळ्यानं पाय.

मूलकर_२१:
काका, बरोबर निघालं. बिजागरीच्या खाचेत पितळी स्क्रू आहे, डोकं तुटलेलं, आतच अडकला. पकडीत येत नाही. कसा काढू?

वाढईकाका_आरमोरी:
काढू नको. त्याच्या दोन बोटं अलीकडून कापून टाक. चौकट लांब असते, देवघराले पुरते.