शब्दचर्चा : ‘हीरोक्वेस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (लाखनीहून)
आम्ही काही मित्र ‘रूनक्वेस्ट’ हा भूमिका-खेळ (प्रत्येकानं एकेक पात्र होऊन गोष्ट पुढं न्यायची) मराठीत खेळतो, मधूनमधून आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत. १९७८ सालचा खेळ. ग्रेग स्टॅफर्डने १९६६ पासून रचत आणलेल्या ग्लोरांथा या जगात तो घडतो. तिथली पात्रं आपल्या देवाची कथा स्वतः जगतात. वादळदेव ओर्लान्थ सूर्यसम्राट येल्मला मारतो, जग अंधारतं, मग तोच सोबत्यांना घेऊन पाताळात उतरतो आणि सूर्याला परत आणतो. खेळाडूंनी एकेका देवाची जागा घेऊन त्याच टप्प्यांवरून जायचं, हे ‘हीरोक्वेस्ट’. ‘वीरशोध’ म्हटलं तर हरवलेल्या वीराला हुडकायला निघालो असं वाटते. चांगला शब्द सुचवा.

उत्तर (ब्रह्मपुरीहून)
‘सोंग’ घ्या ना! दंडारीत, आपल्या झाडीपट्टीच्या लोकनाट्यात, सोंग येते तेच हे. राम झालेल्या पोराच्या पाया म्हाताऱ्याही पडतात.

उत्तर (अचलपूरहून)
‘सोंग’ मलाही आवडतो, पण क्रियापद जपून वापरावं लागेल. ‘सोंग घेणं’, ‘सोंग वठवणं’ यांत मान आहे. ‘सोंग आणणं’ म्हटलं की ढोंग झालं. शिवाय सोंगात पुढचं सगळं ठरलेलं असते. या खेळात कथा पाठ असूनही एखाद्या टप्प्यावर अनोळखी कुणी उभा राहतो, आणि आपल्या टोळीला माहीत असलेली कथा अपुरी होती हे तिथंच कळते. हा शोधाचा भाग सुटला तर शब्द लंगडा राहील.

‘लीळा’ सुचेल कुणाला, महानुभावांचं रिद्धपूर जवळच आहे. पण लीळा देवाची. भक्त तिचं स्मरण करतो, ती घडली त्या स्थानाला नमस्कार करतो. माणसानं ‘लीळा केली’ म्हटलं की अर्थच फिरतो. ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांची रीत मात्र या खेळाच्या फार जवळची वाटते. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं त्यांच्याकडं जाऊन विचारायचं, आठवणींत फरक आला तर तोही नोंदवायचा. म्हणून प्रत्येक टप्प्याला ‘स्थान’ म्हणा, हा माझा आग्रह.

आणि मूळ क्रियेला ‘कथेत उतरणं’. विहिरीत उतरतो, रिंगणात उतरतो, ओर्लान्थ पाताळात उतरतो; तिन्हीकडं जोखीम आहे. कर्ता माणूसच ठेवा : ‘आम्ही कथेत उतरलो’. ‘दुष्काळ कथेत उतरला’ म्हणजे त्याचं चित्रण झालं, ते वेगळं. नाम करू नका. ‘उतारा’ म्हटलं की सातबारा समोर येतो.

उत्तर (सालेकशाहून)
‘यात्रा’ कुणी सुचवण्याआधी सांगतो. माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड समाज यात्रेला येतो, कारण आमचा आद्य धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो, त्यानं गुहेत कोंडलेल्या लेकरांना तिथून सोडवलं. ती आमची श्रद्धा आहे. तिथला शब्द खेळात नको. ‘कथेत उतरणं’ चालेल.

प्रश्नकर्ता
पटलं. ‘कथेत उतरणं’ आणि ‘स्थान’ घेतो. आता एकच उरलं. याच जगातल्या ‘गॉड लर्नर’ लोकांनी देवांच्या कथांवर प्रयोग केले, दोन प्रांतांच्या धान्यदेवतांची अदलाबदल करून पाहिली. या लोकांना ‘देवाभ्यासी’ म्हणावं का?

उत्तर (ब्रह्मपुरीहून)
‘अभ्यासी’त आदर येते. धानाच्या देवीशी असं वागणाऱ्याले ‘देवचाळे’ म्हणा.