मदत हवी आहे: ९ गुणांनी हरलेल्या बास्केटबॉल मॅचमधून एकेका खेळाडूचं मूल्यमापन कसं करायचं?

मलप्रभाकाठ
१७ वर्षांखालील मुलांची टीम, खानापूर तालुका. मॅच ६७-५८ अशी गेली. १० मिनिटांचे चार क्वार्टर, उघडं सिमेंट कोर्ट, शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) नव्हतं. हातात तीन गोष्टी आहेत: स्कोअरशीटची पिवळी प्रत, बेंचवरची वही आणि पायऱ्यांवरून घेतलेला पूर्ण मॅचचा मोबाइल व्हिडिओ.

आम्ही: दोन गुणांचे शॉट १७/४२ (४२ पैकी १७ गेले), तीनचे ४/१६, फ्री थ्रो १२/२२, आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत पकडणं) ८, बचावातले (समोरच्यांचा हुकलेला पकडणं) २९, टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं) २२.
ते: दोनचे २४/६१, तीनचे ३/१५, फ्री थ्रो १०/१६, आक्रमक रिबाउंड १७, बचावातले ३०, टर्नओव्हर १५.

७ नंबर (कॅप्टन, गार्ड): २२ गुण. दोनचे ६/१९, तीनचे २/९, फ्री थ्रो ४/६, असिस्ट (ज्यावर बास्केट झाला असे पास) २, टर्नओव्हर ८. पूर्ण ४० मिनिटं.
१२ नंबर (उंच मुलगा): ४ गुण, २/५, फ्री थ्रो ०/४, रिबाउंड ११, फाउल ४. २४ मिनिटं.
४ नंबर (राखीव): तो कोर्टवर असताना आम्ही १४ गुणांनी मागे पडलो.

कमिटीला खेळाडूवार रिपोर्ट पाहिजे. सगळ्यांचं मत ठरलेलं आहे: ७ नंबर एकटाच लढला, १२ नंबरने काही केलं नाही, ४ नंबरने वाट लावली आणि मॅच फ्री थ्रोने घालवली. रविवारी पुढची मॅच. १२ ला बसवावं का? रिपोर्ट लिहायला सुरुवात कुठून करू?

तिसरं_गेट
सुरुवात खेळाडूपासून करूच नका. टीम कशामुळे हरली ते ठरलं नाही तर रिपोर्टमध्ये ज्याच्यावर राग आहे त्याचंच नाव येणार.

आधी पझेशन, म्हणजे चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला, ते मोजा: एकूण शॉट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. तुमचे ५८ - ८ + २२ + ९.७ = ८१.७. त्यांचे ७६ - १७ + १५ + ७ = ८१. दोन्ही टीमचे आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत, कारण ताबा आलटून पालटूनच मिळतो. चार-पाचचा फरक आला असता तर वहीत काहीतरी सुटलंय असं म्हटलं असतं. तुमची वही चांगली ठेवली आहे.

आता नेमबाजी. तीनचा बास्केट दीडपट धरून टक्केवारी काढली तर तुमची ३९.७, त्यांची ३७.५. म्हणजे शॉट तुम्ही जास्त चांगले मारलेत! तरी हरलात, कारण त्यांनी ७६ शॉट घेतले आणि तुम्ही ५८. हे १८ शॉट कुठून आले? तुमचे ७ टर्नओव्हर जास्त, त्यांचे ९ आक्रमक रिबाउंड जास्त. बाकीचे दोन, कारण तुमची काही पझेशन शॉटऐवजी फ्री थ्रोवर संपली. त्यांना एका शॉटमागे पाऊण गुण मिळाला आहे, म्हणजे १८ शॉटचे साडेतेरा गुण. मॅच ९ ने गेली.

फ्री थ्रोचं म्हणाल तर २२ पैकी १० हुकले हे डोळ्यात भरतं. पण या वयात ७० टक्के म्हणजे चांगलाच हात, आणि तसे मारले असते तरी १५ झाले असते, म्हणजे तीन गुण वाढले असते. १२ नंबरचे चार हुकले ते सगळ्यांच्या लक्षात राहतात, कारण फ्री थ्रोच्या वेळी सगळं कोर्ट थांबून बघत असतं. बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीमागे अडवून ठेवणं) चुकलेला कोणाला दिसत नाही.

तेव्हा रिपोर्टचे प्रश्न दोनच: २२ टर्नओव्हर कोणाचे आणि कशाने, १७ रिबाउंड कोणाच्या माणसाने नेले.

टेबलवरचा
पिवळ्या प्रतीतून काय मिळेल आणि काय नाही ते सांगतो. बास्केट कोणाचा आणि कितव्या गुणाला, ते रनिंग स्कोअरमध्ये आहे: तिरकी रेघ म्हणजे फील्ड गोल (चालू खेळातला बास्केट), भरीव ठिपका म्हणजे फ्री थ्रो, खेळाडूच्या नंबरभोवती गोल म्हणजे तीनचा. हुकलेले शॉट, रिबाउंड, टर्नओव्हर शीटवर नसतातच. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने भरतात, पण पिवळी ही खालची कार्बन प्रत. रंग उतरत नाही. क्वार्टर कुठे संपला ते शेवटच्या गुणाभोवतीच्या ठळक गोलावरून आणि खालच्या जाड रेघेवरून बघा.

शीटवर खेळाडू आत आल्याची फुली असते, वेळ नसते. ४ नंबरचे उणे १४ कशावरून काढले? बदलीची वेळ व्हिडिओवरूनच घ्या आणि दोन ताळे बघा. सगळ्यांची मिनिटं मिळून २०० झाली पाहिजेत. सगळ्यांचे अधिक-उणे (खेळाडू आत असताना टीमने केलेले गुण वजा समोरच्यांचे) मिळून उणे ४५ आले पाहिजेत, कारण ९ गुणांचा फरक पाच जणांच्या नावावर पडतो. ताळा जमला नाही तर तो रकाना रिपोर्टमध्ये घालू नका.

मलप्रभाकाठ
धन्यवाद दोघांना. व्हिडिओवरून पुन्हा मोजलं, दोन्ही ताळे जमले. १२ नंबर: अधिक ३. तो बाहेर होता त्या १६ मिनिटांत उणे १२. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा फाउल झाला म्हणून काढला होता. त्यांच्या १७ आक्रमक रिबाउंडपैकी ११ याच १६ मिनिटांत आले. ४ नंबर जवळपास सगळा वेळ १२ च्या जागीच खेळला.

निपाणीकर
घ्या! उत्तर तुमचं तुम्हीच दिलंत. ४ नंबरचं उणे १४ म्हणजे १२ नंबर नसल्याचं बिल आहे, ते त्याच्या नावावर फाडू नका. एका मॅचचा अधिक-उणे एकट्याने काहीच सांगत नाही. इथे सांगतो, कारण मागे ११ रिबाउंडचं कारण दिसतंय.

तरी १२ ला नुसती शाबासकी देऊन सोडू नका. त्याचे चार फाउल एकेक करून बघा. लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट) अडवताना झालेला फाउल वेगळा. रिंगपासून लांब, साइडलाइनजवळ चेंडूत हात घालून झालेला वेगळा, त्यातून काही मिळत नाही आणि माणूस बेंचवर जातो. क्वार्टरमधला टीमचा पाचवा फाउल झाला की त्याच फालतू फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात.

आता रिबाउंड. बचाव मॅन-टू-मॅन (प्रत्येकाला एकेक माणूस) होता की झोन (प्रत्येकाला एकेक जागा)? २-३ झोन (दोघं पुढे, तिघं रिंगजवळ) असेल तर ‘तुझा माणूस कोण’ हा प्रश्नच चुकतो. झोनमध्ये मुलं शॉट सुटला की वर चेंडूकडे बघत उभी राहतात आणि समोरचा बेसलाइनवरून आत घुसतो. तिथे जागेप्रमाणे जबाबदारी लावा: कोपऱ्यातून शॉट सुटला तर लांबच्या बाजूचा खालचा बचावपटू, कारण बरेच चुकलेले शॉट पलीकडे पडतात. व्हिडिओ शॉट सुटताना थांबवा आणि त्या क्षणी कोणाचा हात किंवा पाठ समोरच्याला लागली आहे ते बघा. चेंडू कोणी पकडला हे नंतरचं.

टर्नओव्हरसाठी एका पझेशनला वहीत एक ओळ: क्वार्टर, चेंडू कोणाच्या हातून गेला, कसा गेला, नंतर त्यांनी काय केलं. ट्रॅव्हलिंग (टप्पा न मारता चेंडू घेऊन चालणं) किंवा तीन सेकंद (समोरच्यांच्या रिंगजवळ जास्त वेळ थांबणं) झाले तर निदान बचाव मागे जाऊन उभा राहतो. पास मधेच पकडला तर समोर मोकळा लेअप. दोन्ही एकाच रकान्यात घातले तर चित्र खोटं येतं. पास चुकला तर देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, तेही बघा. घेणारा चेंडूकडे पुढे न येता जागेवर उभा राहिला असेल तर चूक त्याच्या नावावर. आणि व्हिडिओचा आवाज चालू ठेवा. आपल्याकडे अर्धी मुलं मराठीत ओरडतात, अर्धी कन्नडमध्ये. स्क्रीन (बचावपटूची वाट अडवून उभा राहिलेला समोरचा खेळाडू) आल्याचं कोणी सांगितलंच नाही, की सांगितलं आणि पोचलं नाही, यावर चूक कोणाची ते बदलतं.

दोघांनी बसा, एक बघणारा, एक लिहिणारा. अडीच-तीन तास धरा.

चिकोडी_११
इतकं गणित कशाला ओ? २२ गुण मारणारा पोरगा आहे की टीममध्ये. बाकीचे काय करत होते ते विचारा.

तिसरं_गेट
@चिकोडी_११ तेच विचारूया की. ७ नंबरने २८ शॉट, ६ फ्री थ्रो आणि ८ टर्नओव्हर मिळून साधारण ३८.६ वेळा डाव स्वतःवर संपवला आणि २२ गुण दिले, म्हणजे दर वेळी ०.५७. बाकी सगळ्यांनी मिळून ५१ वेळा, ३६ गुण, म्हणजे ०.७१. बाकीच्यांची दीडपट धरून नेमबाजी ४६.७ टक्के, त्याची ३२. बाकीच्यांना चेंडू मिळाला तेव्हा त्यांनी बरंच केलं आहे.

पण याचा अर्थ ‘७ नंबर स्वार्थी’ असाही लगेच लावू नका. शॉट क्लॉक नसताना कोणी शॉट घ्यायलाच तयार नसेल तर चेंडू फिरून त्याच्याकडेच येतो. मलप्रभाकाठ, त्याचे शॉट आणि टर्नओव्हर दोन हाफमध्ये वेगळे काढा. आणि मॅच संध्याकाळची असेल तर पश्चिमेची रिंग तुम्हाला कोणत्या हाफला होती तेही लिहा. उघड्या कोर्टवर उन्हाकडे तोंड करून मारावं लागलं की बाहेरचे शॉट घसरतात.

टेबलवरचा
तीनच्या ९ शॉटबद्दल एक. जुन्या कोर्टवर कधी कधी ६.२५ मीटरची रेघ पुसलेली नसते. २०१० पासून ती ६.७५ आहे, कोपऱ्यात ६.६०. टेप लावून मोजा, रिंगच्या मध्याच्या बरोबर खालून. मुलगा सरावाला जुन्या रेघेवरून मारत असेल तर मॅचमध्ये शॉट अर्ध्या मीटरने आखूड पडतो, आणि त्याला नेमबाजीचा दोष लागतो.

मलप्रभाकाठ
आमची रेघ नवीन मापाची आहे. बचाव २-३ झोनच होता, निपाणीकर.

७ नंबर: पहिला हाफ ६/१३, टर्नओव्हर २. दुसरा हाफ २/१५, टर्नओव्हर ६. पश्चिमेची रिंग दुसऱ्या हाफला होती, पण बाकीच्यांची नेमबाजी पहिल्या हाफला ७/१५ आणि दुसऱ्याला ६/१५, म्हणजे उन्हाचं कारण नाही. तिसऱ्या क्वार्टरपासून त्यांनी फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टभर दबाव टाकणारा बचाव) लावला होता. सहापैकी चार पास साइडलाइनवरून जाताना पकडले. दोनदा सेंटर लाइन ओलांडल्या ओलांडल्या कोपऱ्यात दोघांनी घेरलं. त्या सहांमधून त्यांनी १० गुण काढले.

निपाणीकर
मग ७ नंबरच्या नावापुढे असं लिहा: ‘पहिला हाफ चांगला. दुसऱ्या हाफमध्ये प्रेसविरुद्ध चेंडू आणायला जोडीदार नव्हता, विश्रांती नव्हती.’ यातली पहिली ओळ त्याची, दुसरी बेंचची. कमिटीला ते आवडणार नाही, पण आकडे तेच म्हणतायत. त्याच्याशी बोलताना दोनच क्लिप दाखवा: कोपऱ्यात अडकलेली एक आणि शॉट घाईत घेतला तेव्हा कोणी मोकळा होता ती एक. सगळ्यांसमोर नको.

रविवारसाठी: १२ ला बसवू नका, त्याचे फाउल वाचवा. प्रेस आला की ७ च्या जोडीला दुसरा चेंडू हाताळणारा मागे ठेवा आणि १२ ला कोर्टच्या मध्यभागी उभा करा. उंच आहे, डोक्यावरून पास घेईल आणि लगेच पलीकडच्या बाजूला देईल. साइडलाइनवरून पास बंद. सरावात बचावाला सहा जण द्या आणि आठ सेकंदांत सेंटर लाइन पार करायला लावा. दहापैकी सात वेळा जमेपर्यंत दुसरं काही घेऊ नका.

७ ला तिसऱ्या क्वार्टरची शेवटची दीड मिनिटं आणि चौथ्याची पहिली दीड मिनिटं बाहेर ठेवा. मधली दोन मिनिटांची सुट्टी धरून त्याला पाच मिनिटं विश्रांती मिळते आणि खेळातली तीनच जातात. टाइमआउट शिल्लक असेल तर एक तिथेच वापरा.

मलप्रभाकाठ
करतो तसं. त्या तीन मिनिटांत चेंडू ११ नंबरकडे देऊ का? हात बरा आहे, फक्त डावीकडून जात नाही.

तिसरं_गेट
द्या. त्याला उजवीकडूनच चेंडू आणू दे आणि १२ चा स्क्रीनही त्याच बाजूला लावा. समोरच्यांना त्याची डावी बाजू कळेपर्यंत ७ परत येईल.