म्यूटंट अळीतच मरते, मग त्या जीनचं डोळ्यातलं काम बघायचं कसं?

लातूरची_झूलॉजी: नमस्कार, एमएस्सीच्या प्रोजेक्टला ड्रोसोफिला (फळमाशी) घेतलीय. माझ्या जीनच्या दोन्ही कॉप्या बिघडल्या की अळीच मरते, आणि मला बघायचाय डोळा. सर म्हणतात मोझॅक कर, पण बाकी माशी नॉर्मल ठेवून मधलाच तुकडा म्यूटंट होतो कसा? आणि इकडं उन्हाळ्यात लाईटचा काही भरवसा नाही.

नांदेडकर: ताई, माशी एक चांगली एक बिघडलेली कॉपी घेऊन जगते ना, तिथूनच सुरुवात. यीस्टमधलं एफएलपी नावाचं डीएनए कापून जोडणारं एन्झाइम एफआरटी नावाच्या डीएनएच्या तुकड्यांवरच काम करतं, दोन्ही क्रोमोसोमवर एकाच जागी एफआरटी असले की पेशी विभागायच्या आधी ते पुढच्या भुजांची अदलाबदल करतं, मग एका पोरपेशीत दोन्ही कॉप्या बिघडलेल्या आणि शेजारच्या बहिणीत दोन्ही चांगल्या. दोघी विभागत जाऊन आपापल्या पेशींचा डाग बनवतात. चांगल्या क्रोमोसोमवर जीएफपी (हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन) ठेवलं तर म्यूटंट डाग काळा दिसतो नि बहिणीचा डाग जास्त हिरवा. दोन्ही एकाच वेळी जन्मलेले, म्हणून त्यांची तुलना करा, खरी मजा त्यातच आहे! म्यूटंटचा डाग लहान राहिला तर ती पेशी वाढेना किंवा मरायली, हे तिथंच कळतं. फक्त तुमचं म्यूटेशन एफआरटीच्या पुढं, टोकाकडं आहे का ते आधी बघा, सेंट्रोमियरकडं (क्रोमोसोमच्या भुजा जुळतात तिकडं) असेल तर सगळी मेहनत वाया.

परभणीचा_पोरगा: डोळ्यातच बघायचंय तर सेव्हनलेस नावाच्या जीनचं उदाहरण नक्की वाचा. माशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक ओमॅटिडियममध्ये (छोट्या नेत्रिकेत) ८ फोटोरिसेप्टर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशी, आर१ ते आर८; हा जीन नसला की आर७ बनतच नाही. मोझॅक डोळ्यात डागाच्या सीमेवरचे ओमॅटिडिया तपासले तर जिथं आर७ बनलाय तिथं त्या पेशीत स्वतःतच सेव्हनलेस चांगला, शेजारी म्यूटंट असले तरी चालतं. बॉस नावाच्या दुसऱ्या जीनचं उलटं, आर७ बनायला तो शेजारच्या आर८ मध्ये लागतो. म्हणजे बॉस निरोप देतो, सेव्हनलेस घेतो. अख्खी माशी म्यूटंट केली असती तर दोन्हीकडं आर७ गायब एवढंच दिसलं असतं.

संभाजीनगर_लॅब: लाईटचं महत्त्वाचं विचारलंत. हीट शॉकवालं एफएलपी (उष्णतेनं चालू होणारं) ३७ डिग्रीला चालू करतात, पण मे महिन्यात लाईट जाऊन खोली तापली की ते आपोआपच चालू होतं, मग कोणता डाग कधी पडला सांगताच येत नाही. वरून ३० च्या आसपास वाढलेले नर वांझ निघतात, क्रॉसच (माश्यांची जोडी लावणं) बसत नाही. तुम्हाला डोळाच बघायचाय ना, मग आयलेस-एफएलपी (आयलेस या डोळ्याच्या जीनच्या स्विचवर चालणारं) घ्या, ते मुख्यतः डोळ्याच्या डिस्कमध्ये, म्हणजे अळीतल्या ज्या पेशींपासून डोळा बनतो तिथं चालतं, हीट शॉक द्यायचं कामच नाही. तरी २५ डिग्री सांभाळा आणि स्टॉकची (जपून ठेवलेल्या माश्यांची) एक बाटली दुसऱ्या लॅबमध्ये ठेवा.

लातूरची_झूलॉजी: दादा, आयलेस-एफएलपी घेतलं तर डाग कधी पडावा हे माझ्या हातात राहत नाही ना?

संभाजीनगर_लॅब: नाही राहत. वेळ ठरवायची असेल तर हीट शॉकच, आणि तो क्रॉस डिसेंबर-जानेवारीत लावा.