शब्दचर्चा: 'आंट जेमायमा'मधली आंट म्हणजे मावशी का?

अमेरिकेतल्या 'आंट जेमायमा' पॅनकेक मिक्सच्या खोक्यावरून काळ्या बाईचं चित्र काढून टाकलं, त्या वादावर मराठीत लिहितोय. 'जेमायमा मावशी' आणि तसाच 'अंकल बेन्स' या तांदळाच्या ब्रँडचा 'बेनकाका' लिहिलं तर चालेल ना?

— नका लिहू प्लीज, सगळा वादच गायब होईल. आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो ते मान द्यायला. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत उलटं होतं, गोरे लोक काळ्या माणसाला मिस्टर किंवा मिसेस म्हणायचेच नाहीत, तरुण असला तर 'बॉय' आणि केस पिकले की 'अंकल', बाई असेल तर 'आंट', म्हणजे मान द्यावा लागू नये म्हणून काढलेली ही पळवाट. मराठीत 'मावशी' वाचलं की लोक म्हणणार, अहो एवढं प्रेमाने म्हटलंय, त्यात काढून टाकण्यासारखं काय होतं? मी हे वाद घालताना खूपदा ऐकलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

आणि नाव कुठून आलं तेही लिहा. १८८९ मध्ये मिझुरीतल्या सेंट जोसेफला हे पीठ निघालं, नाव उचललं ते गोरे नट तोंडाला काळं फासून जे खेळ करायचे त्यातल्या गाण्यावरून. मग १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाच्या बाईंना जेमायमा म्हणून उभं केलं. त्या केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या, आणि तिथे पॅनकेक भाजत भाजत गुलामीतल्या 'जुन्या छान दिवसांच्या' गोष्टी लोकांना सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. १९२३ मध्ये त्या गेल्या आणि २०२० पर्यंत त्यांच्या कबरीवर साधा नावाचा दगड नव्हता!

— पण १९८९ मध्ये डोक्यावरचा रुमाल काढून मोत्याची कुडी घातली होती ना? आणि पुढे ज्या बायकांनी ही भूमिका केली त्यांच्या घरच्यांपैकी काहींनी तर चित्र काढून टाकायला विरोध केला.

— हो, आणि त्यांचं दुःख खरं आहे, आमच्या आजीचं काम पुसताय असं ते म्हणत होते. पण रुमाल गेला तरी 'आंट' राहिलीच की. माझ्या मते २०२० मध्ये काढायचं ठरवलं ते योग्यच, फक्त पुढच्या वर्षी नवीन नाव दिलं 'पर्ल मिलिंग कंपनी', म्हणजे मूळच्या गिरणीचं, आणि खोक्यावर नॅन्सी ग्रीन यांचं नाव कुठेच नाही, हे मला फार लागतं. अंकल बेन्सचं 'बेन्स ओरिजिनल' झालं, तिथे निदान बेन राहिला.

मराठीत जवळचं काही हवंच असेल तर मावशी-काका सोडा आणि 'रामा' आठवा. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याचं नाव काहीही असो, शेठच्या घरी तो रामाच. 'क्रीम ऑफ व्हीट' या गव्हाच्या लापशीच्या खोक्यावरच्या काळ्या आचाऱ्याला जाहिरातीत 'रास्टस' म्हणायचे, ते अगदी हेच, कुणाही काळ्या पुरुषाला चिकटवायचं ठोक नाव.

— मग लिहू काय?

— 'आंट जेमायमा' तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे मिसेस न म्हणण्याची गोष्ट एका वाक्यात सांगा. आणि नॅन्सी ग्रीन यांच्याबद्दल लिहिताना 'ती' नको, 'त्या' लिहा.